उन्हाच्या बाजूची दोरी

माझी पाळी कधी आली हे आईच्या आधी ज्यांना कळायचं, त्यांत गॅसची टाकी आणणारा माणूस होता. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. कॉलेजसाठी शहरात आल्यावर मुकुंदवाडीत मी तीन वर्षं ज्या घरात भाड्यानं राहिले, तिथल्या घरमालकीणबाईंनी दाराशेजारी एक कॅलेंडर टांगलं होतं आणि घरातल्या सगळ्या तारखा त्यावर लिहून ठेवल्या होत्या. टाकी कधी लावली, नळाला पाणी कधी आलं आणि गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या आम्हा तीन मुलींपैकी कुणाची कधी आली. टाकी निळ्या शाईत, आम्ही लाल. टाकीवाला मागची तारीख बघायला वाकला की त्याच्या नाकासमोर माझ्या नावाचं पहिलं अक्षर, भोवती गोल.

मी एकदा ते कॅलेंडर उलटं करून टांगलं. संध्याकाळी कॉलेजातून आले तर ते सरळ झालेलं होतं आणि मावशी दारातच उभ्या होत्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशीच म्हणायचो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की तुझी सहा दिवस पुढं गेली आहे, म्हणजे तू नीट जेवत नाहीस, आणि हे मला कॅलेंडर बघूनच कळलं. मग समोर बसवून मला दोन भाकरी खायला लावल्या. खाताना मी रडत होते. त्यांना वाटलं ठेचा तिखट झाला.

मावशींनी सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया म्हणून आयुष्य काढलं होतं. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. खाली दोन खोल्यांत त्या एकट्या, वर आम्ही. समोरच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर, तिच्याखाली त्यांची लोखंडी खुर्ची. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण वॉर्डात डॉक्टरीणबाईंच्या मागं फिरून फिरून जे कानावर पडलं ते त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं. घरात नवी मुलगी राहायला आली की पहिल्या रविवारी तिला जिन्याच्या पायरीवर बसवायच्या आणि खडूनं फरशीवर गर्भपिशवी काढायच्या. दोन्ही बाजूंच्या नळ्या, खालचं तोंड, सगळं. चित्र बटाट्यासारखं व्हायचं, पण चुकीचं नसायचं. मग परीक्षा. "सांग, लघवीची वाट आन पाळीची वाट येक का दोन?"

मी बीएस्सीला होते. बेडकाची सगळी पचनसंस्था मला न बघता काढता यायची. आणि मी म्हणाले, एक. मावशींनी कपाळाला हात लावला आणि गल्लीतून जाणाऱ्या शेजारणीला हाक मारून सांगितलं की बगा, शास्त्र शिकायला आलीय.

गल्लीला सगळं ऐकू जायचं. मावशींना हळू बोलता येत नसे. त्या म्हणायच्या की वॉर्डात कण्हणाऱ्या बायका असतात, तिथं हळू बोललं तर कोण ऐकणार. आम्ही जिन्यातून खाली उतरलो की वरून किंवा खालून प्रश्न यायचा, "आली का?" आणि शेजारच्या गॅरेजमधली पोरं हातातले पाने घेऊन तशीच थांबायची. त्यांना वाटायचं बसबद्दल विचारतायत. निदान मी तरी मनाची तशी समजूत घालून घेतली होती.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या भागात नळ आठ-आठ दिवस यायचा नाही. आला की घरातली घागर-कळशी, पातेली, अगदी डबेसुद्धा भरून ठेवायचे. त्यात मावशींनी जिन्याखाली एक निळा ड्रम ठेवला होता, झाकणावर दगड. तो फक्त जिची पाळी चालू आहे तिच्यासाठी. बाकीच्यांनी केस धुवायचे राहिले तरी त्याला हात लावायचा नाही. एकदा माझा पेपर होता, अंगाला घामाचा वास येत होता आणि मी त्यातनं एक तांब्या घेतला. मावशी आठ दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. पण पलीकडे इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या मजूर बाया दुपारी येऊन त्याच ड्रममधलं पाणी घेऊन आमच्या मोरीत जायच्या. त्यांना चालायचं. आम्ही तक्रार केली तर मावशी म्हणाल्या, तिथं त्यांना आडोसा नाही, पत्रा नाही, दिवसभर त्याच कपड्यावर विटा वाहतात, तुम्ही काय वाहता?

त्यांच्या बहुतेक बोलण्याला उत्तर नसायचं, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त वैताग यायचा.

महिला दिनाला एका मंडळाचे लोक गल्लीत आले. खोकी भरून पॅडची पाकिटं आणली होती. बायकांना रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात पाकीट द्यायचं आणि फोटो काढायचा. मी रांगेत होते. खरं सांगायचं तर मला त्या पाकिटाची फार गरज होती. घरून आणलेलं पाकीट मी पुरवून पुरवून वापरायचे. कॉलेजच्या दिवशी एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कारण कॉलेजच्या बाथरूममध्ये टाकायला डबा नव्हता. खोलीवर आले की जुन्या लुगड्याची घडी.

मावशी माझ्यापुढं होत्या. त्यांचं वय होऊन गेलेलं, त्यांना काय करायचं होतं पाकीट? पण त्यांनी ते घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि देणाऱ्या तरुणाला विचारलं, पुढच्या महिन्यात कधी येणार? तो म्हणाला, हा कार्यक्रम दरवर्षी असतो, आजी.

"म्हंजी मधले अकरा महिने आम्ही येऊ द्यायची नाय का?"

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की वापरलेलं टाकायचं कुठं, घंटागाडीवाला उचलत नाही, नाल्यात टाकलं तर नाला तुंबतो. मग म्हणाल्या, फोटो कशाला, खोकल्याचं औषध देताना फोटो काढता का? बोलता बोलता अर्धा तास गेला. त्या लोकांना पुढं आणखी दोन गल्ल्या करायच्या होत्या. त्यांनी खोकी उचलली आणि ते गेले. रांगेतल्या निम्म्या बायका रिकाम्या हातांनी घरी गेल्या, त्यांत मी. मावशींनी मला स्वतःचं पाकीट देऊ केलं. मी रागानं नको म्हणाले. ते पाकीट त्यांनी संध्याकाळी बांधकामावरच्या एका बाईला दिलं. त्या मंडळातली एक मुलगी पुढं दर महिन्याला एकटी खोकं घेऊन मावशींच्या जिन्यात बसायला लागली, हे खरं. पण ते पाच महिन्यांनी, आणि तोपर्यंत माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ते झालं दोरीपायी. गच्चीवर दोन दोऱ्या होत्या. मागच्या दोरीवर पाण्याच्या टाकीची सावली असायची, तिथं आमचे कपडे. पुढची दोरी रस्त्याच्या बाजूला, तिथं सकाळपासून कडक ऊन. ती दोरी मावशींनी पाळीच्या कपड्यांसाठी ठेवली होती. आधी गार पाण्यात, मग साबण, मग ऊन, हे त्या पाढ्यासारखं म्हणायच्या. खालून स्टेशनकडं जाणारं माणूस मान वर करील तर त्याला आमच्या घड्या वाऱ्यावर हलताना दिसतील. मी पिशोर गावची. आमच्या घरात असा कपडा आईसुद्धा मला दिसू द्यायची नाही. न्हाणीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, परकराच्या आत, असा कुठंतरी तो वाळायचा. मी मावशींना हो म्हणायचे आणि माझा कपडा माझ्या खाटेखाली, खाटेच्या दोन पायांना सुतळी बांधून, तिच्यावर वाळत घालायचे. वरून चादर खालपर्यंत सोडलेली.

श्रावणात काहीच वाळेना. मला आधी खाज सुटली, मग जांघेत फोड आले. मी कुणाला सांगितलं नाही. चालताना पाय फाकवून चालावं लागायचं, तर पाय मुरगळला म्हणून सांगितलं. शेवटी ताप भरला. मावशी पेज घेऊन वर आल्या, दारातच थांबल्या, नाक वर केलं आणि पेज खाली ठेवून सरळ माझ्या खाटेखाली शिरल्या. सुतळीवरचा कपडा काढला आणि माझ्यादेखत हुंगला. मला मेल्यासारखं झालं.

त्या ओरडल्या नाहीत. रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीवर लांबलचक रांग होती, पुरुष, बाया, म्हातारे. खिडकीतल्या माणसानं काय होतंय म्हणून विचारलं. मी म्हणाले, ताप. मावशींनी माझ्या खांद्यावरून डोकं आत घातलं आणि वॉर्डातल्या आवाजात सांगितलं की वल्ला कपडा वापरला, जांघंत फोड आलेत, आत पण झालं असंल, बाईडॉक्टरकडं पाठवा. त्या माणसाचं पेन थांबलं. माझ्या मागं कुणीतरी खाकरलं. बाईडॉक्टर म्हणाल्या, आणखी आठ दिवस अंगावर काढलं असतं तर कठीण होतं. औषधानं मी पंधरा दिवसांत बरी झाले. त्या खिडकीची आठवण बरी व्हायला त्याहून पुष्कळ दिवस लागले.

त्यानंतर मी पुढच्या दोरीवर कपडा टाकायला लागले. वर ओढणी पांघरायचे. मावशी येऊन ओढणी काढायच्या. मी परत घालायचे. असं आमचं चालायचं.

थंडीत एक दिवस अण्णा न सांगता आले. अण्णा म्हणजे माझे वडील. अद्रक घेऊन मार्केटात आले की ते कधीमधी भेटायला यायचे, पण आधी फोन करून. अण्णा तसे वाईट नव्हते. मला शहरात शिकायला ठेवलं म्हणून भावकीचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं. मावशींच्या घरी आले की समोरच्या खोलीत टेकायचे, चहा आत्ताच झाला म्हणायचे आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. का, ते मावशींना कळत होतं, मलाही कळत होतं. मावशींनी कधी आग्रह केला नव्हता.

त्या दिवशी अण्णा थेट वर आले. गच्चीवर त्यांनी दोरी बघितली. तिथं माझ्या आईच्या लुगड्याचा तुकडा होता, त्याचे काठ त्यांना ओळखू आले असणार. ते तसेच खाली जाऊन बसले. मी घाबरून मागोमाग गेले. मावशींनी मला चहा ठेवायला सांगितलं. मी ठेवला, कप भरले आणि घेऊन आले. तेव्हा मावशींनी माझ्या हातातला कप घेतला आणि अण्णांसमोर धरला.

"भाऊ, माझ्या हातचा तुम्ही घेत नाय, ते मला म्हाईत हाय. मी कधी काय म्हणले नाय. हा चहा तुमच्या पोरीनं केलाय. आज तिचा दुसरा दिवस हाय. बगा, घ्यायचा का."

अण्णा म्हणाले, आज उपास आहे. मावशींनी विचारलं, कशाचा. कप खुर्चीच्या कडेला राहिला, त्यावर साय धरली. अण्णा उठले आणि मला म्हणाले, सामान घे, आपण घरी चाललो.

माझी प्रॅक्टिकलची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. तरी मी पिशवी भरली आणि निघाले. सगळ्या वाटेत मला अण्णांचा राग आला नाही, मावशींचा आला. अर्धा तास गप्प बसायला काय झालं होतं? अण्णा आले तसे गेले असते. मला अजूनही वाटतं की त्यांनी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं.

आमच्याकडे पाळीत बाजूला बसतात. गोठ्याला लागून एक पडवी आहे, तिथं पोत्यावर गोधडी. पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून घरात. मी जाऊन तिथं बसले. अण्णा म्हणाले, आता कॉलेज पुरे. आई अण्णांसमोर कधीच काही म्हणायची नाही. नववीतली धाकटी बहीण लांबून माझ्या ताटात भाकरी टाकून जायची.

माझा चौथा दिवस होता. दुपारी पिशोरच्या बसमधून मावशी उतरल्या आणि विचारत विचारत आमच्या घरी आल्या. हातात माझी प्रॅक्टिकलची वही, ती मी घाईत खोलीवर विसरले होते. अण्णा ओसरीवर होते. दारात आलेल्या बाईला नाही म्हणणारे ते नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मावशींनी खुर्चीकडं बघितलं, पडवीतल्या माझ्याकडं बघितलं आणि येऊन माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या. गाय आमच्या डोक्यावर श्वास सोडत होती.

तिथूनच त्या अण्णांशी बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, सगळ्या आळीला जाईल असा. आधी त्यांनी श्रावणातला ताप सांगितला, फोड सांगितले, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. मी हे घरी कळू दिलं नव्हतं. आई चुलीपासून उठून उंबऱ्यात आली.

मग मावशी म्हणाल्या, "आमच्या आज्या-पंज्यांना गावानं भायेर बसवलं होतं, भाऊ. इटाळ व्हतो म्हणून. आम्ही उठलो तिथून, लई दिवस झाले. तुमच्या घरातल्या बाया अजून बसलेल्या हायेत. आन त्यांना बसवणारं दुसरं कुणी नाय."

अण्णांची मान खाली होती. ते रागावले असतील असं मला वाटलं, पण चेहरा दिसत नव्हता. आईनं मावशींना एवढंच विचारलं, "डाक्टरीन खरंच म्हणली, कठीण व्हतं?" मावशी व्हय म्हणाल्या. आई आत गेली. आतून डबे सरकवल्याचे आवाज आले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात माझी पिशवी होती, भरलेली, वर भाकरीचं फडकं. तिनं ती पडवीत, माझ्या पायाशी आणून ठेवली. शिवायचं नसताना ती माझ्या इतक्या जवळ आलेली मला आठवत नाही.

अण्णा म्हणाले, "मला विचारलंस का?"

"नाय," आई म्हणाली. "बस साडेतीनची हाय."

अण्णा बसस्टँडपर्यंत आमच्या मागून आले, दहा पावलं अंतर ठेवून. बस निघेपर्यंत थांबले.

बसमध्ये मी मावशींचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. माझ्या मनात होतं की आता ह्या सगळ्या गावात हेच चालणार, तिच्या जांघेत फोड आले होते. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या, तोंड उघडं, मध्येच उठून त्यांनी कंडक्टरला विचारलं की स्टँडवरच्या बायांच्या मुतारीला कुलूप का आहे, किल्ली कुणाकडं असते. कंडक्टरला माहीत नव्हतं. शहरात सिडकोचा थांबा येईपर्यंत त्या त्याला ते विचारत राहिल्या. पुढचे प्रवासी वळून बघत होते. मी वहीत तोंड घातलं आणि बेडकाचं हृदय पाठ करत बसले.

परीक्षा झाली, पास झाले. कॉलेज पुरं केलं. आता मी वैजापूरला एका शाळेत शिकवते. मुलींना जिन्यावर नाही, वर्गात, फळ्यावर चित्र काढून शिकवते, आणि आवाज हळू ठेवते. मागच्या बाकावरच्या मुली म्हणतात, मॅडम, ऐकू येत नाही.

गेल्या दिवाळीत मी पिशोरला गेले होते. फराळाच्या घाईत बहिणीला पाळी आली. ती सवयीनं गोधडी घेऊन पडवीत गेली. आता ती कॉलेजला जाते, तरी घरी आली की तिथंच. आई करंज्या भरत राहिली. मी इतकी शिकलेली, शिकवणारी, आणि करंज्या तळत गप्प बसले. अण्णा शेतातून आले. त्यांनी पडवीकडं बघितलं. बैलांना पाणी पाजलं, हातपाय धुतले. मग ते पडवीत गेले, बहिणीला उठायला सांगितलं, तिची गोधडी उचलून काखेत मारली आणि मधल्या घरात आणून आमच्या गोधड्यांशेजारी टाकली. पोतं परत गोठ्यात नेऊन ठेवलं. कुणाकडं न बघता जेवायला बसले आणि भाकरी मागितली. बहीण दारात उभी होती. आई म्हणाली, वाढ की. तिनं वाढली.

मला राहवलं नाही. मी परसात जाऊन मावशींना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या आणखीनच मोठ्यानं बोलतात. मी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. मला वाटलं त्या खूश होतील, निदान चांगलं झालं म्हणतील.

त्या म्हणाल्या, "आन तुमच्या न्हाणीला दार हाय का?"

आमच्या न्हाणीला लुगड्याचा पडदा होता, जन्मापासून. मी म्हणाले, दार नाही.

"मग?"

मी फोन ठेवला. सणासुदीच्या दिवशी माणसानं दोन शब्द गोड बोलू नयेत का? भाऊबीज झाली तशी मी अण्णांना घेऊन सुताराकडं गेले. दार बसलं. हे मी मावशींना अजून कळवलेलं नाही, कारण मग त्या विचारतील, कडी आतून लावलीय ना, आणि ती त्या सुतारानं बाहेरून लावली आहे.